तीन स्वप्नं पडल्यावर काय करावं

आयर्लंडमधला ‘किल्ला’ बघून सह्याद्री तुडवलेला मराठी माणूस हिरमुसेल. बुरूज नाही, दिंडी दरवाजा नाही. कुरणात साधारण तीस मीटर व्यासाचा मातीचा गोल बांध, बाहेर खंदक आणि बांधावर काटेरी हॉथॉर्न. असे ‘रिंगफोर्ट’ देशभर चाळीस हजारांहून अधिक आहेत. बहुतेक सहाव्या ते दहाव्या शतकातले, मुळात शेतकऱ्यांचे वाडे. गावकरी मात्र सांगतात की ते डेन लोकांनी, म्हणजे समुद्रावरून आलेल्या व्हायकिंगांनी, बांधले आणि पळताना सोन्याचा हंडा तिथेच पुरला.

१९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोककथा आयोगाने शाळकरी मुलांकडून घरच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी वह्यांत उतरवून घेतल्या. गुप्तधन हा त्यातला नेमून दिलेला विषय. तो हंडा काढायची रीतही त्या गोष्टींतच सापडते.

सलग तीन रात्री तेच स्वप्न पडायला हवं. एकाच स्वप्नावर कुदळ उचलणारा कच्चा गडी. मग मध्यरात्री निघायचं, सोबत पवित्र जल आणि काळ्या मुठीची सुरी. हंडा हाती येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि घोडं नेमकं इथेच अडतं. फावडं सपाट शिळेवर खणकन वाजतं, त्याच क्षणी काळा बैल शिंगं रोखून धावून येतो. कुणीतरी ‘देवा रे!’ म्हणतो आणि शिळा खाली खचते. काही राखणदार याहून बेरकी. ते खणणाऱ्याला त्याचं घर पेटलेलं दाखवतात. धापा टाकत घरी पोचावं तर सगळे गाढ झोपलेले. परत यावं तर खड्डा बुजलेला.

राखणदाराची नेमणूकही न्यारी. ठेवा पुरताना विचारत, ‘राखायला कोण थांबतो?’ जो हौसेने ‘मी’ म्हणे, त्यालाच मारून हंड्याशेजारी पुरत. (समित्यांवर नाव देणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) म्हणून ठेवा काढतानाही एक जीव द्यावा लागतो, काटकसरी लोक काळ्या कोंबड्यावर भागवतात.

शिळा मात्र खोटी नाही. बऱ्याच किल्ल्यांखाली भुयार असतं. दगडी भिंती, वर आडव्या शिळा, मधे रांगतच जाता येईल अशी चिंचोळी वाट. दूध-लोणी थंड ठेवायला, हल्ला झाला तर लपायला. वर पाय आपटला की जमीन पोकळ वाजते, आणि तेवढं कल्पनेला पुरतं. उत्खननात निघतात लोखंडी सुऱ्या, काचेचे मणी, जात्याचे तुकडे, गुरांची हाडं. तिथल्या मालकाची श्रीमंती गायींत मोजली जाई. जुन्या आयरिश कायद्यात दंडही बरेचदा गायींत. ती दौलत पुरणार कशी?

तरीही १८६८ मध्ये लिमरिक काउंटीत, आर्डा गावाजवळच्या अशाच किल्ल्यात, बटाटे खणताना दोन पोरांना आठव्या शतकातला चांदीचा नक्षीदार चषक, ब्राँझचा एक साधा पेला आणि चार ब्रूच सापडले. ना स्वप्न, ना मध्यरात्र, ना कोंबडा! बिशपने तो ऐवज ५० पौंडांना घेतला. चषक आता डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अशा जागी विनापरवाना धातुशोधक यंत्र फिरवणं आज गुन्हा ठरतो. तेव्हा तिसरं स्वप्न पडलं, तरी आधी अर्ज करावा लागेल.