दुरेघी वही

१३ जुलै, रविवार

चार दिवस पाऊस उघडलेला नाही. वह्यांना बुरशी धरते म्हणून जुन्या रोजनिश्या फडताळातून काढून एकेक पुसत होते, आणि पुसता पुसता वाचतच बसले. आठ वर्षांपूर्वीची वही उघडली. अक्षर टपोरं, एका ओळीत सात-आठ शब्द. पुढच्या वर्षीची घेतली तर ओळीत दहा-अकरा. त्याच्या पुढच्या वर्षी ओळ सुरू होताना अक्षर बरं, आणि उजव्या कडेला जाता जाता मुंगीएवढं. मला आजार कळला पाच वर्षांपूर्वी. माझ्या हाताला तो आधीच कळला होता आणि रोज रात्री तो लिहूनही ठेवत होता. मीच वाचलं नाही.

तेव्हा उजवा खांदा दुखायचा. खांदा धरलाय म्हणून एका डॉक्टरांनी सात महिने शेक आणि व्यायाम दिले. भाकरी थापताना एक हात मागे राहतो, चालताना उजवा हात हलतच नाही, हे मी त्यांना सांगितलं होतं. वय झालं, म्हणाले. त्या सात महिन्यांचा राग अजून गेलेला नाही माझा. दुसऱ्या डॉक्टरांनी मला दारापासून टेबलापर्यंत चालायला लावलं, बोटांची उघडझाप करायला लावली आणि कागद पुढे करून म्हणाले, नाव-पत्ता लिहा. पत्ता ‘वडगाव, बेळगाव’ पर्यंत येईतो अक्षर निम्मं झालं होतं.

पार्किन्सन. आपल्याकडे कंपवात म्हणतात. त्या नावानं आमची दिशाभूल केली, कारण माझा हात फारसा कापत नाही. माझं अंग जखडतं. मेंदूत खोलवर एक काळसर भाग असतो, तिथल्या पेशी डोपामिन तयार करतात. लक्षणं दिसायला लागतात तोवर त्यातल्या निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. गोळी उणीव भरून काढते, गेलेलं परत आणत नाही. हे सगळं डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं आणि मी शाळेत पोरं ऐकतात तशी ऐकत होते, हाताची घडी घालून.

आज इंदिराबाई संतांचा स्मृतिदिन. २००० साली गेल्या त्या, वयाच्या ८६ व्या वर्षी. याच गावात वर्षानुवर्षं राहून त्यांनी लिहिलं, ऐंशी ओलांडल्यावरही लिहीत राहिल्या. मी ७२ ची आहे. हा हिशेब आज दोनदा मनात आला.

१५ जुलै, मंगळवार

पावसाची उघडीप मिळाली तशी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानदार माझाच विद्यार्थी, दुसरीत माझ्या वर्गात होता. दुरेघी वही मागितली.

“नातवाला पायजे काय बाई?”

“न्हाई रे, मला.”

तो काही बोलला नाही. आतून सहा वह्या घेऊन आला, पुसल्या आणि म्हणाला, “ह्यातल्या रेघा ठळक हाईत. ह्याच घ्या.”

छत्तीस वर्षं मी पोरांना दुरेघीत लिहायला शिकवलं. अक्षराचं डोकं वरच्या रेघेला टेकलं पाहिजे, पाय खालच्या रेघेला. ‘क’ चं पोट दोन्हीकडे सारखं. पोरं कंटाळायची, कधी एकदा एकेरी वही मिळते असं त्यांना व्हायचं. मलाही वाटायचं, रेघ ही लहानांसाठी असते, मोठ्या माणसाचा हात मोकळा हवा. आता कळतंय की माझ्या मेंदूला अक्षर केवढं काढायचं याचा अंदाज आतून येईनासा झालाय. तो अंदाज बाहेरून, डोळ्यांसमोर ठेवला तर हात ऐकतो. व्यायाम घेणाऱ्या ताईंनीच हे सांगितलं होतं. जमिनीवर पट्ट्या आखल्या तर पाय नीट पडतात, कागदावर रेघा असल्या तर अक्षर.

घरी आल्या आल्या बसले. पहिलं वाक्य लिहिलं. डोकं वर, पाय खाली. दुसरं लिहिलं. सातव्या ओळीपर्यंत अक्षर उतरलं नाही. पानभर लिहून झाल्यावर वही हातभर लांब धरून पाहिली. दुसरीतल्या हुशार मुलीचं अक्षर होतं ते, आणि मला ते फार आवडलं.

एका पानावर पूर्वी तीनशे शब्द बसायचे, आता साठ-सत्तर बसतात. वह्या जास्त लागतील.

२१ जुलै, सोमवार

दिवाळी अंकाला गोष्ट द्यायची आहे. ऑगस्ट अखेरपर्यंत पाहिजे, संपादकांचा परवा फोन होता. ‘जमेल तसं करा’ असं ते म्हणाले नाहीत, ‘ऑगस्ट अखेर’ म्हणाले. बरं वाटलं. आजारी माणसाला मुदत द्यायला लोक कचरतात, पण त्या मुदतीनं माझा दिवस उभा राहतो.

लिहायची वेळ आता मी ठरवत नाही, गोळी ठरवते. नऊला गोळी, पाऊण तासानं अंग सुटतं, मग साडेबारापर्यंत मी माझी असते. पहिल्यांदा गोळ्या घेतल्या तेव्हा मेडिकलवाला बजावून म्हणाला होता, “ऊटक्के मुंचे, बाई. जेवणाच्या आधी.” त्याचं कारण पुढं कळलं. डाळ, दूध, दही, उसळ यांतली प्रथिनं आणि गोळी एकाच वाटेनं रक्तात जातात. दोघं एकदम आले की गोळीला वाट मिळत नाही. म्हणून माझी वाटीभर उसळ आता रात्री असते. सकाळी नाचण्याची आंबील, तीही ताकाशिवाय. यांनी दोन दिवस तशीच पिऊन पाहिली, मला सोबत म्हणून.

पूर्वी मी रात्री लिहायची. शाळा, स्वयंपाक, मागासाठी सुताच्या कांड्या भरणं सगळं उरकून अकराला वही उघडायची, आणि लेखन म्हणजे उरलेल्या वेळाचं काम असं धरूनच चालले होते. आज दिवसातले सगळ्यात चांगले अडीच तास मी गोष्टीला देते. भाजी त्यानंतर निवडते, किंवा हे निवडतात. बाईमाणसानं सकाळी दहाला कागद घेऊन बसायचं हे माझ्या सासूबाईंना पटलं नसतं. मलाच कुठं पटलं असतं.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते, ती लिहूनच टाकते. मागच्या वर्षी डॉक्टरांनी दुसरी एक गोळी सुरू केली, आणि तेव्हापासून मला सुचायला लागलंय. खूप सुचतं. पहाटे चारला उठून वाक्यं डोक्यात फिरतात. इतकी वर्षं जे सांगायला धजावले नव्हते तेही पुढं येऊन उभं राहतं. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, या औषधांनी काहींच्या बाबतीत असं होतं. कुणी चित्रं काढायला लागतो, कुणी लिहायला. कुणाला खरेदीचा नाहीतर जुगाराचा नाद लागतो. घरच्यांनी लक्ष ठेवावं, आणि फार झालं तर सांगावं, मनानं गोळी बंद करू नये.

मग हा हुरूप कुणाचा? माझा की गोळीचा?

तीन रात्री याच्यावर काढल्या. चांगलं वाक्य आलं की त्याच्याकडे संशयानं बघायचं, ही काय रीत झाली! शेवटी मी गोष्टीतली पानं समोर घेतली. त्यात शहापूरच्या बाजारातली ती सूतवाली आहे, तिच्या पाठीवर बांधलेलं पोर आहे, रंगाच्या हौदातलं निळं पाणी गटारीनं वाहत गल्लीभर जातं ते आहे. गोळीनं यातलं काय पाहिलंय? पाहिलंय मी, दहा वर्षांची असताना. गोळीनं फार तर दार उघडून दिलं असेल.

यावर पूर्ण समाधान झालेलं नाही. पण लिहायचं थांबवणार नाही.

२४ जुलै, गुरुवार. दिव्याची अवस

पितळी समया चिंचेनं घासल्या. मी दोन, यांनी पाच.

आमच्या घराला लागून मागांची शेड आहे. लग्न होऊन आले तेव्हा घरातच हातमाग होता. मागं घरोघर यंत्रमाग आले. खटाक-खट, खटाक-खट, सकाळपासून रात्रीपर्यंत, धोटा इकडून तिकडं. चाळीस वर्षं मी त्या आवाजाला शिव्या घातल्या. एवढ्या गोंगाटात काय डोंबल लिहिणार, म्हणायची. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत लिहीत आले, हे ठाऊक असूनही मी कुरकुर करायची. गेल्या वर्षी, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, ते गेले. त्या दिवशी गिरणीचा पट्टा आणि लेखणी एकाच हाताची, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना.

आणि आता त्याच मागांवर मी चालते. खरोखर चालते. गेल्या वर्षीपासून पाय अडकायला लागलेत; दारात, वळणावर, तळवे फरशीला डिंकानं चिकटल्यासारखे होतात. मन म्हणतं चल, पाय हलत नाही. पण शेडच्या कडेनं जाताना आवाजाच्या ठेक्यावर पाय आपोआप पडतो. खटाकला डावा, खटला उजवा. ताई म्हणाल्या, बरोबर आहे, ठेक्यावर चालणं हा उपचारच आहे, काहींना आम्ही टिकटिक लावून चालवतो. मला टिकटिक विकत आणावी लागली नाही.

आज दुपारी शेडच्या कोपऱ्यावर होते आणि लाईट गेली. सगळे माग एकदम थांबले. इतकी शांतता की पागोळ्या ऐकू आल्या. आणि मी तिथंच रुतले. एक पाय गटारीच्या फरशीवर, दुसरा मागे. पाऊस भुरभुरत होता. समोरून पोरगी सायकलवरून गेली, “बाई, काय बघालाईसा?” म्हणून. काय सांगू तिला.

तेवढ्यात आईची आठवण झाली. आईला जात्याशिवाय ओवी आठवायची नाही. दिवसा विचारलं, आई ती रामाची ओवी सांग, की ती म्हणायची, जात्यावर बसल्याबिगर कशी येईल गं? पहाटे खुंट्याला हात घातला की एकामागून एक सुरू. शब्द तिच्या डोक्यात नव्हते, ते त्या फिरण्यात होते. मी शेडच्या भिंतीला हात लावला आणि तिची एक ओवी म्हणायला लागले. मोठ्यानं. दुसऱ्या चरणाला मागचा पाय उचलला. घरापर्यंत पाच ओव्या लागल्या.

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरानं हा आजार पहिल्यांदा नीट लिहून काढला. सहा माणसांवरून लिहिला, त्यातली काही त्यानं नुसती रस्त्यात पाहिलेली होती. त्यांची चाल, वाकलेली पाठ, पुढं धावणारी पावलं. हे वाचल्यापासून मला त्याच्याबद्दल जवळीक वाटते. रस्त्यातल्या माणसाकडे थांबून बघणं हेच तर आमचं काम.

रात्री सगळे दिवे पाटावर मांडले. कणकेचे दिवे यांनी केले. काड्या ओढायला मला जमत नाही, मग मी ज्योती जपल्या.

२९ जुलै, मंगळवार. पंचमी

आज चिरायचं नाही, कापायचं नाही. लाह्या, तंबीट, शेंगदाण्याचे लाडू. गल्लीत पिंपळाला झोका बांधलाय. मी झोक्यावर बसले नाही; तोल आता भरवशाचा राहिला नाही. दोरी धरून उभी राहिले आणि पोरींना झोके दिले. दोन्ही हातांनी. उजवा हात नीट ढकलत होता.

मागांना सुट्टी. गल्ली गप्प.

गोष्ट दुसऱ्या वहीच्या अर्ध्यावर आलीय. सुनेनं फोनवर बोलून टाईप करायचं शिकवलं होतं. दोन दिवस केलं, पण माझा आवाज आता आत जातो, पुटपुटल्यासारखा होतो, आणि माझी माणसं वडगावची. ‘काय करालायस’ म्हटलं की फोन ‘काय करा लायक’ लिहितो. तिथंच मी तो ठेवून दिला. माणसांची बोली फोनसाठी सोडणार नाही. सून म्हणाली, तुम्ही लिवा, मी रविवारी बसून टाईप करून देतो. मुलगा आणि ती दोघं कन्नड शाळेत शिकलेले, पण मराठी ती हौसेनं वाचते, आणि दुरेघीतलं अक्षर तिला झरझर लागतं.

आवाजासाठी ताईंनी सांगितलंय, रोज वीस मिनिटं मोठ्यानं वाचा, समोरच्या खोलीत कुणी बसलंय असं समजून. आमच्याकडं समजायची गरज नाही. पन्नास वर्षं मागावर बसून यांचे कान गेलेत. मी बोलते हळू, यांना ऐकू येतं कमी; गेली दोन वर्षं एका घरात राहून आम्ही निम्मंअर्धं बोललो. काही वेळा मी नाद सोडून द्यायची. असू दे, म्हणायची, आणि हे तेवढंच बघून ओळखायचे, पुन्हा विचारायचे नाहीत.

आज जेवणं झाल्यावर यांना ओसरीवर बसवलं आणि वही उघडली. श्वास भरून घेतला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. सूतवाली, पोर, निळं पाणी. हे कानामागं हात धरून बसले होते. “काय म्हणालीस? कुठलं पाणी?” “निळं! रंगाच्या हौदातलं!” “हां हां. मुगळ्याच्या हौदातलं. चांगलं आठवतंय की तुला.” आणि हसले. मी परत श्वास घेतला. चौथ्या पानावर माझाच आवाज मला समोरच्या भिंतीवर आपटून परत येताना ऐकू आला. वर्गात यायचा तसा.

अकराव्या पानावर गोळी उतरायला लागली. पान उलटेना, जीभ जड झाली. वही मिटली.

हे काही म्हणायच्या आत समोरच्या घराची खिडकी उघडली. तिथली सूनबाई, हातात लाडवाचं ताट, “बाई, थांबलासा का ओ? त्या सूतवालीचं पुढं काय झालं?”

“उद्या,” मी म्हणाले. तिला ऐकू गेलं नाही असं वाटून श्वास भरून पुन्हा म्हणाले, “उद्या सकाळी दहाला ये!”