शू घराण्याचा संगम

फोंड्याहून पणजीला जाताना जुन्या गोव्यात सेंट पॉल महाविद्यालयाची उरलेली एकटी कमान दिसली, की मला हटकून शांघाय शहरातील शूज्याहुई हा भाग आठवतो. १५७८ मध्ये गोव्यात उतरलेला मातेओ रिच्ची हा जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचा इटालियन सदस्य याच महाविद्यालयात शिकला, काही काळ त्याने येथे शिकवलेही, आणि १५८२ मध्ये तो मकावला रवाना झाला. पुढे चीनमध्ये त्याची गाठ ज्या विद्वानाशी पडली, त्या शू ग्वांगछी याच्या घराण्यावरून शूज्याहुईला हे नाव मिळाले.

चिनी भाषेत ‘शूज्या’ म्हणजे शू घराणे आणि ‘हुई’ म्हणजे संगम. येथे ओहोळ एकमेकांना मिळत असत आणि त्यांच्या काठी शू कुटुंबाची शेती होती. १६०७ मध्ये शू ग्वांगछी आणि रिच्ची यांनी युक्लिडच्या भूमितीच्या पहिल्या सहा खंडांचा चिनी अनुवाद प्रसिद्ध केला. भूमितीसाठी त्यात वापरलेला ‘जीह’ हा शब्द चीनमधील शाळकरी मुले आजही वापरतात. त्याच वर्षी वडील वारल्यामुळे शू शांघायला परतला आणि सुतकाच्या दीर्घ काळात त्याने शेतीचे प्रयोग आरंभले. दुष्काळात लोकांच्या पोटाला आधार व्हावा म्हणून त्याने फूच्येन प्रांतातून रताळ्याचे वेल मागवले. अमेरिका खंडातून समुद्रमार्गे निघालेले हे कंदमूळ आपल्याकडे एकादशीच्या फराळात रुळले आणि तिकडे दुष्काळात धावून आले, याचे मला फार अप्रूप वाटते.

१६३३ मध्ये शू बीजिंग येथे निवर्तला. त्याचे दफन मात्र शांघायला, याच परिसरात झाले आणि वंशजांनी तेथे वस्ती केली. शूने स्वीकारलेला ख्रिस्ती धर्म त्यांनी टिकवला होता, म्हणूनच चीनमध्ये परतलेल्या जेझुइटांनी १८४७ मध्ये आपल्या ठाण्यासाठी ही जागा निवडली. शूज्याहुई ही परदेशी धर्मगुरूंची निर्मिती, असे अनेकदा लिहिले जाते. ते मला पटत नाही, कारण ग्रंथालय, शाळा, थूशानवान येथील अनाथाश्रम आणि तेथील चित्रकला, लाकूडकाम व छपाईच्या कार्यशाळा हे सारे एका चिनी शेतकरी-विद्वानाच्या थडग्याभोवती आणि त्याच्या वंशजांच्या शेजारी उभे राहिले. या संस्थांपैकी वेधशाळा मला सर्वांत मोलाची वाटते. १८७० च्या दशकात सुरू झालेल्या या वेधशाळेतून चिनी किनाऱ्यावरील जहाजांना तुफानाची पूर्वसूचना मिळू लागली. समुद्रावर पोट असलेल्या आम्हा किनारी लोकांना अशा सूचनेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

दोन मनोऱ्यांचे लाल विटांचे कॅथेड्रल १९१० मध्ये पूर्ण झाले. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्याच्या मनोऱ्यांचे कळस पाडण्यात आले, ते १९८० च्या दशकात पुन्हा उभारले गेले. त्याआधीच, १९५० च्या दशकात, झाओज्याबांग हा ओहोळ बुजवून त्यावर रस्ता बांधण्यात आला होता. त्याच्या काठी दरिद्री लोकांच्या झोपड्या होत्या आणि पाणी कुजलेले होते, हे खरे. तरीही आमच्याकडे खाडीकाठच्या खाजन शेतांवर मातीचा भराव पडताना पाहिल्यावर, नकाशावरून पुसल्या गेलेल्या त्या ओहोळाविषयी मला हळहळ वाटल्यावाचून राहत नाही. रस्त्याला मात्र त्या ओहोळाचेच नाव आहे.

१९९३ मध्ये शांघायच्या पहिल्या भुयारी रेल्वेमार्गाचा पहिला टप्पा शूज्याहुईपर्यंत सुरू झाला, आणि त्यानंतर तेथे मोठमोठी विक्रीसंकुले उभी राहिली. त्यांच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, शू ग्वांगछीच्याच नावाच्या उद्यानात, त्याची समाधी आजही आहे.