फादर नाव सांगत नाहीत

निवडणूक आली की मावशी विचारते, "फादर कुणाचं नाव घेतात रे?" कुणाचंच नाही, आणि तेच योग्य. मतदान करणं हे नैतिक कर्तव्य, असं कॅथलिक धर्मशिक्षण सांगतं. उमेदवार ज्यानं त्यानं सदसद्विवेकानं निवडायचा. 2024 मध्ये अमेरिकेतल्या निवडणुकीबद्दल पोप फ्रान्सिसही हेच म्हणाले: कमी वाईट निवडा, विचार करून निवडा.

गर्भपाताला चर्चचा विरोध ठाम आहे, माझाही. पण कामगाराला पोटापुरती न्याय्य मजुरी मिळालीच पाहिजे, हे तेराव्या लिओ पोपनी 1891 मध्येच लिहून ठेवलंय. मावशीनं सोलापुरात जन्मभर विड्या वळल्या. तिची मजुरी, पूर्व भागातल्या नळाला दिवसाआड तरी पाणी, हेही माझ्यासाठी श्रद्धेचेच प्रश्न आहेत. प्रचाराला दारात येणाऱ्याला मी आधी तेच विचारतो.