पुण्याचं कॉलेज हुकलं तेव्हा (माझा अनुभव)

बारावी माझी सोलापुरातच झाली, आणि अकरावीपासून डोक्यात एकच, पुण्यातलं एक इंजिनिअरिंग कॉलेज आणि त्यात कॉम्प्युटर. 2025 च्या कॅपला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, पहिल्या राउंडला ते लागलं नाही, दुसऱ्यालाही नाही, कटऑफ माझ्या पर्सेंटाइलच्या जरासाच वर थांबला. लांब असता तर एवढं लागलं नसतं मनाला.

पहिले काही दिवस मी कुणाशी धड बोललेच नाही. आई ताटात भाकरी आणि शेंगा चटणी वाढून समोर बसायची, जेव की गं म्हणायची, बाकी एक शब्द विचारला नाही तिनं आणि त्याचं मला आजही फार मोल वाटतं. आत्याचा मात्र रोज फोन, का गं, पुण्याचं काय झालं? शेवटी पप्पांनीच तिला सांगितलं की लागलं तर आम्हीच कळवू. पप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत, होस्टेलच्या पैशांची जुळवाजुळव त्यांनी आधीच करून ठेवली होती, ते कळल्यावर मला जास्त रडू आलं.

सावरायला खरी मदत कशाची झाली म्हणाल तर सिस्टिम नीट समजून घेण्याची. माझ्याच एवढ्या पर्सेंटाइलची पुण्यातली मैत्रीण तिथे लागली होती आणि तेच मनात खुपत होतं. पण तिथे राज्याच्या कोट्यातल्या 70 टक्के जागा होम युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे कॉलेज ज्या विद्यापीठाच्या भागात आहे तिथल्याच मुलांना, बाहेरच्यांना 30 टक्के, आणि होम युनिव्हर्सिटी ठरते बारावी कुठून केली त्यावरून. म्हणजे आम्ही दोघी एका रांगेत नव्हतोच. कटऑफच्या यादीत सीटच्या कोडच्या शेवटी एच असतो तो होमचा, ओ असतो तो बाहेरच्यांचा, सोलापूरवाल्यांनी पुण्यातल्या अशा कॉलेजांसाठी ओ चाच आकडा बघायचा, एच बघून उगाच आशा लावून घ्यायची नाही. आणि ही मुलगी नको असं कुणी माझ्याकडे बघून ठरवलेलं नव्हतं, कोटा, मेरिट नंबर आणि चॉइसचा क्रम एवढंच तिथे चालतं.

तिसऱ्या राउंडला पहिल्या सहा चॉइसपैकी काहीही लागलं की सीट आपोआप फ्रीज होते, मग पुढच्या राउंडला जाता येत नाही. म्हणजे फॉर्म भरतानाच ठरवायचं होतं, चौथ्या राउंडपर्यंत पुण्यासाठी थांबायचं की नाही. त्या संध्याकाळी पप्पा आणि मी सिद्धेश्वर तळ्याकाठी बराच वेळ बसलो. पुण्यात कुठलंही कॉलेज, कुठलीही ब्रँच घ्यायची का इथे कॉम्प्युटर? मला ब्रँच हवी होती. वरच्या तीन चॉइसला पुणे ठेवलं, चौथ्याला सोलापूरचं कॉलेज, आणि चौथंच लागलं. सीट ॲक्सेप्टन्सचे 1000 रुपये भरले आणि त्या रात्री नीट झोप लागली.

मैत्रिणीनं फेस्टचे फोटो टाकले की अजून आत कुठेतरी टोचतं, खोटं कशाला बोलू. पण आता मीच तिला फोन करते, तुमच्याकडे डेटा स्ट्रक्चर कुठपर्यंत आलं विचारते, मग एकमेकींना नोट्स पाठवतो.