हे म्हणणे खरे आहे की

सोमवार, रात्री

आज साक्ष झाली. पतसंस्थेच्या वतीने मी उभी राहिले. चेक न वटल्याची केस, कलम 138. फाईल माझ्याच हातची. कर्जाच्या अर्जापासून चेक परत आल्याच्या बँकेच्या रिटर्न मेमोपर्यंत एकूण एक कागदाला पंच मी मारलेला. समोरच्या वकिलांनी आधी व्याजावर दहा-बारा प्रश्न विचारले, ती सगळी उत्तरं तोंडपाठ होती. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी सहज विचारलं, "तुम्ही कायद्याचं शिक्षण घेतलंय का?"

नाही म्हटलं.

टायपिस्टने टाईप केलं आणि शेवटी जबाब वाचून सही करायला माझ्यासमोर आला. चौथ्या परिच्छेदात ती ओळ होती: "हे म्हणणे खरे आहे की, मी कायद्याचे शिक्षण घेतलेले नाही." सही करताना पेन तिथे जरा रेंगाळलं. टायपिस्टने मान वर करून पाहिलं, त्याला वाटलं काही चूक झाली. चूक कसली, ओळ सोळा आणे खरी होती.

पण त्या केसमधली नोटीस वेळेत गेली ती माझ्यामुळे. मेमो आल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे भरायला 15 दिवस, ते संपले की एक महिन्यात फिर्याद. हे दिवस मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने मोजते. मसुद्यात मेमोची तारीखच चुकली होती, ती मीच पकडली. हे कुणी विचारलं नाही. उलटतपासणीत आपल्याला सांगायचं असतं ते कुणी विचारतच नाही म्हणा.

मंगळवार

एलएलबीच्या प्रवेश परीक्षेसाठी सीईटी सेलची वेबसाईट उघडून बसले. सलग तिसरं वर्ष.

पहिल्या वर्षी लेक पहिलीत गेली म्हणून थांबले. दुसऱ्या वर्षी परीक्षा दिली, मार्कही बरे पडले. तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, प्रश्न मराठीतूनही असतात, आणि रोज पेपर वाचणाऱ्या माणसाला ती फार जड नाही. पण कॉलेजांचे पसंतीक्रम भरायची वेळ आली तेव्हा सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं आणि मी ते पान उघडलंच नाही. मार्क त्याच वर्षापुरते असतात, ते गेले. कुणाला सांगितलंही नाही. परीक्षा दिली होती हेच निम्म्या घराला ठाऊक नव्हतं.

आता मी 34 ची. एके काळी बार कौन्सिलने तीन वर्षांच्या कोर्सला 30 वर्षांची मर्यादा घातली होती. तिला 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, म्हणून तर माझ्यासारखीने हा विचार करायचा. पदवीला खुल्या गटात 45 टक्के लागतात, माझे 58 आहेत. म्हणजे दार बंद नाही. दार उघडं असूनही मी उंबऱ्यात का बसते, हे मला कळत नाही.

शाळेत असताना न्यायाधीश व्हायचं म्हणायचे. ते आता नाहीच. त्यातून मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तराच्या न्यायाधीशपदासाठी आधी तीन वर्षं वकिली हवी असं सांगितलं. तीन वर्षं शिक्षण, तीन वर्षं वकिली, मग परीक्षा. हा हिशोब बाविशीतल्या पोरींनी करावा. मला करायचाच नाही हे कळल्यावर उलट बरं वाटलं.

सगळे एकच सांगतात, "तीन वर्षं काय, तशीही जाणारच." जातील ना. पण कॉलेज न करता गेलेल्या तीन वर्षांत लेकीचा अभ्यास होतो, भाजी वेळेवर होते, दिवाळीला बोनस येतो. ती काही रिकामी जात नाहीत. हे वाक्य म्हणणाऱ्यांना बहुधा भाजी करावी लागत नसावी.

बुधवार

आज जेवणाच्या सुट्टीत नुसता 'कुठे' याचाच विचार केला.

स्वप्नात पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेज आहे. 1924 सालचं, टेकडीच्या पायथ्याचं. एकदा दुसऱ्याच एका परीक्षेला पुण्यात गेले होते, तेव्हा लॉ कॉलेज रोडवरून मुद्दाम चालत गेले आणि गेटातून आत डोकावले. दगडी इमारत, झाडं, आणि पायऱ्यांवर बसून वडापाव खाणाऱ्या मुली. त्या मुलींचाच हेवा वाटला होता, इमारतीचा नाही. आमच्या कराडचे यशवंतराव चव्हाण कोल्हापुरात 1938 ला बीए झाले, पुण्यातून 1941 ला एलएलबी झाले आणि वकिली करायला परत कराडला आले. प्रीतिसंगमावर फिरायला गेले की हे हटकून आठवतं. पण त्यांच्या मागे तिसरीतली मुलगी आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई नव्हत्या.

पुणे मनातून काढलं त्याला आणखी एक कारण आहे आणि ते रडकं नाही. मला उभं कुठे राहायचंय? मी जे काम ओळखते ते पतसंस्थांचं, थकबाकीचं, सहकार कायद्याच्या कलम 101 च्या वसुली दाखल्याचं, जामीनदाराच्या घरावर येणाऱ्या जप्तीचं. ते सगळं इथलं आहे. अपील मुंबईला जायचं तेव्हा पक्षकार एसटीने रात्रभर जाऊन सकाळी फोर्टात उभे राहायचे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सातारा जिल्हा त्यात आला. आता उच्च न्यायालय माझ्या घरापासून पाऊणशे किलोमीटरवर आहे. मोठ्या शहरातल्या कॉलेजात ओळखी होतात म्हणतात. माझ्या ओळखी ज्या कोर्टाच्या व्हरांड्यात व्हायला हव्यात, तिथे मी दहा वर्षं फाईल घेऊन बसतेच आहे.

म्हणजे जवळचं कॉलेज. जवळची दोन-तीन आहेत.

गुरुवार

आज रजा टाकून दोन कॉलेजं पाहिली. नावं लिहीत नाही, वही कुणाच्याही हाती पडते.

पहिल्या कॉलेजात खिडकीवरच्या गृहस्थांनी माझं वय आणि नोकरी ऐकली आणि आवाज खाली आणला. "मॅडम, नोकरी करा की. परीक्षेला या. हजेरीचं बघू." जणू मोठा उपकारच करत होते. मी विचारलं, "वर्ग कुठे भरतात?" त्यांनी जिन्याकडे हात केला. सव्वानऊ वाजले होते. वर गेले. तीन खोल्यांपैकी दोन बंद, तिसरीत पंखा चालू आणि बाकावर एकाची बॅग. बॅगेचा मालक काही आला नाही.

बार कौन्सिलच्या नियमांत प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरी आहे. सप्टेंबर 2024 च्या परिपत्रकात तर बायोमेट्रिक हजेरी आहे, वर्गात कॅमेरा आहे, आणि नोकरी करणाऱ्याने तसं लिहून द्यायचं व मालकाचं ना हरकत पत्र जोडायचं असंही आहे. हे सगळं मला त्या खिडकीवर सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. पण खरं लिहायचं तर क्षणभर मोहही झाला. हजेरीचं बघतील, नोकरी राहील, तीन वर्षांनी कागद मिळेल. मग जिना उतरताना डोळ्यांसमोर आलं, की पुन्हा कधीतरी मी त्याच पिंजऱ्यात उभी आहे, कुणी चष्मा कपाळावर सरकवून विचारतंय, शिक्षण घेतलंय का, आणि मी हो म्हणतेय.

दुसऱ्या कॉलेजात इमारत साधीच, भिंतीला ओल. वर्गात मोजून एकोणीस जण. मी दाराशी घुटमळत होते तर शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आत या, बसा, दार लावा." मला विद्यार्थीच समजल्या. करार कायदा चालला होता, प्रस्ताव आणि स्वीकृती. पत्राने पाठवलेली स्वीकृती प्रस्ताव देणाऱ्यावर केव्हा बंधनकारक होते? मी मनात म्हटलं, पत्र मिळेल तेव्हा. बाई म्हणाल्या, पत्र टपालात पडलं आणि पाठवणाऱ्याच्या हातून सुटलं की तेव्हाच. माझं उत्तर चुकलं आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. दहा वर्षं नोटिसा टपालात टाकतेय, हे कधी सुचलं नव्हतं. शेजारचा मुलगा निवृत्त फौजदार निघाला. मुलगा कसला, साठीचे काका. त्यांच्या वहीत डावीकडे जुन्या दंड संहितेची कलमं आणि उजवीकडे नव्या न्याय संहितेची: 302 समोर 103, 420 समोर 318. "सर्व्हिसभर पाठ केलेलं 1 जुलै 2024 ला रद्दीत गेलं," म्हणाले.

शुक्रवार

नवरा एसटीत कंडक्टर. त्याच्यापुढे हा प्रश्न मांडला की तो लगेच वेळापत्रकात शिरतो. "सहाची गाडी धर, ती थांबे कमी घेते. सहापदरीचं काम चालू आहे तिथे वीस मिनिटं धरून चाल. बायकांना अर्धं तिकीट." म्हणून विषय संपला. मी म्हटलं, "अरे, तिकिटाचं नाही विचारत." तर म्हणाला, "मग काय विचारतेस?"

ते मलाही नीट सांगता येईना. रात्री भांडी आवरताना सापडलं. सगळे विचारतात प्रवेश केव्हा घेणार. पण माझी भीती त्या तारखेची नाहीच. पूर्ण वेळ पगारी नोकरीत असलेल्याला वकिली करता येत नाही. म्हणजे खरा 'केव्हा' तीन वर्षांनंतरचा आहे, वकिलीची सनद घेण्याच्या दिवशीचा. नोंदणीची फी आता मोठी नाही. 30 जुलै 2024 च्या निकालाने ती 750 रुपयांवर आली. त्या दिवशी सोडायचा असतो तो पगार. घराचा हप्ता त्यातून जातो. हप्ता संपायला अजून चार वर्षं आहेत.

यंदा प्रवेश घेतला तर पदवी हप्त्याच्या आधी हाती येते. एक वर्ष थांबले तर दोन्ही एकदम. म्हणजे थांबायला एक शहाणं कारण पहिल्यांदाच सापडलं! पण नवऱ्याने कपाळाला हात लावला. "अगं, पदवी कपाटात ठेवता येते ना? हप्ता संपला की काढ सनद." इतकं सोपं होतं. तोवर बार परीक्षेचा अभ्यास करता येईल. माणूस वेळापत्रकाचाच आहे, पण कधीकधी गाडी बरोबर लावतो.

शनिवार

सेक्रेटरी साहेबांना भेटले. आधी ठरवून गेले होते काय मागायचं ते. सुट्टी नाही, सवलत नाही, काम बदलून. थकबाकीदार दिवसा घरी सापडत नाहीत, संध्याकाळी सापडतात, हे साहेबांनाही माहीत आहे. सकाळचं काउंटर सोडायचं आणि दुपारी एकपासून वसुली आणि कोर्टाची कागदपत्रं, असं सांगितलं. वसुलीला कुणीच तयार नसतं, त्यामुळे ते खुर्चीत जरा पुढे सरकले.

"वकील झालीस की आमच्याच विरुद्ध उभी राहशील."

"फी दिलीत तर तुमच्याकडून राहीन, साहेब."

हसले. ना हरकत पत्राचं संचालक मंडळापुढे ठेवतो म्हणाले. मिळेल असं वाटतं. न मिळालं तर काय, ते आज लिहीत नाही.

रविवार

फॉर्म भरला. आठवडाभर 'कुठे' म्हणून डोकं फोडलं आणि या फॉर्मात कॉलेज विचारतच नाहीत. फक्त परीक्षेचं केंद्र. पसंतीक्रम निकालानंतर. पण तो भाग ठरलाय. सर्वांत वर ओल आलेल्या भिंतीचं कॉलेज आणि त्या जिन्याचं नाव यादीतच नाही. पुणे शेवटी घालावं की नाही यावर लेकीने मत दिलं, "घाल, बघू तरी मिळतं का." मिळालं तर पंचाईत होईल म्हणून नाही घालणार.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. दहावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, पदवीवर माहेरचं, आधारवर सासरचं. प्रवेशाच्या वेळी कागद तपासताना हे निघणारच, म्हणून आताच प्रतिज्ञापत्र करून ठेवायचं ठरवलं. बाहेर टाईप करून घ्यायला गेलं तर पैसे, आणि वर चुका. पतसंस्थेत शेकडो केलेत, स्वतःचं कधी केलं नव्हतं. लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. "मी खाली सही करणार, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की" इथपर्यंत बोटं आपोआप गेली. मग वय 34, धंदा नोकरी, आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे.

सासूबाईंनी विचारलं, एवढं काय मन लावून लिहितेयस. वाचून दाखवलं. म्हणाल्या, "धंदा नोकरी लिहिलंस, विद्यार्थिनी नाही लिहिलंस?" म्हटलं, ते अजून खरं नाही, आई.

नोटरी उद्या साडेदहाला बसतात.