रोळ दुसरा : हंपी

हंपीला दुसऱ्यांदा जाऊन आलो. घरात या सहलीचं नाव 'ह्यांच्या गुडघ्यांची सहल' असं पडलंय. पहिल्यांदा गेलो तेव्हा, म्हणजे १९९८ च्या डिसेंबरअखेर, मी एकवीस वर्षांचा होतो, आणि फोटो खालून काढला की वास्तू भव्य दिसते असं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. त्यामुळं त्या खेपेचे निम्मे फोटो उकिडवं बसून काढलेत. तेच फोटो त्याच जागेवरून पुन्हा काढायचे तर तितक्याच वेळा उकिडवं बसणं आलं. बसणं एकवेळ जमतं, उठताना देव आठवतो.

कॅमेरा मामाचा होता. रशियन झेनिट, ५८ मिलिमीटरची एकच लेन्स, मारामारीत उपयोगी पडेल इतका जड. छत्तीस-छत्तीसचे दोन रोळ घेऊन आम्ही तिघं मित्र कोल्हापुरातून एसटीनं निघालो. पहिला रोळ बदामीतच संपला, कारण बदामीला पोचेपर्यंत आम्ही एकमेकांचेच फोटो काढत होतो. दुसरा हंपीसाठी राखला. त्यातले शेवटचे सात मी स्वतः जाळले. रोळ नीट गुंडाळला गेलाय का हे बघायला परतीच्या बसमध्ये कॅमेऱ्याचं पाठचं झाकण उघडलं. झटकन बंद केलं, पण उजेडाला तेवढं पुरतं. उरले एकोणतीस.

लॉकडाउनमध्ये निगेटिव्ह स्कॅन करायला घेतल्या. कोल्हापूरच्या पावसाळ्यांनी त्यांच्यावर बुरशीची जाळी विणली होती. तरी संगणकाच्या पडद्यावर पहिल्यांदाच ते फोटो पोस्टकार्डापेक्षा मोठे दिसले, आणि तेव्हा लक्षात आलं की एकोणतीसपैकी सव्वीस फोटोंत माणूसच नाही. हंपीत माणसं नव्हती असं नाही. मी ती फ्रेममधून जाईपर्यंत थांबायचो. विरूपाक्षाच्या देवळासमोरच्या रथबीदीत, म्हणजे रथाच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना ओळीनं दगडी मंडप आहेत. त्यांतल्या एकात तेव्हा शिंप्याचं दुकान होतं. तो जेवायला उठेल म्हणून मी अर्धा-पाऊण तास उन्हात बसलो होतो. मित्र कंटाळून इडली खायला गेले. शिंपी उठला, मी बटण दाबलं, आणि मंडपाचा स्वच्छ, शास्त्रशुद्ध, अगदी कामाचा नसलेला फोटो मिळवला. त्यात शिलाई मशीनचं चाक तेवढं खांबाआडून डोकावतंय. ते मला तेव्हा दिसलं नसणार, नाहीतर तेही टाळलं असतं.

तो बाजार आता नाही. २०११ च्या जुलैमध्ये मंडपांतली घरं, दुकानं, खानावळी जेसीबी लावून पाडल्या, कारण जागतिक वारशाच्या जागेत ते अतिक्रमण ठरलं होतं. विस्थापितांना कड्डीरामपुराच्या बाजूला जागा देण्यात आल्या. दगडी मंडप मोकळे झाले. म्हणजे मी पाऊण तास उन्हात बसून जे मिळवलं, ते आता दिवसाचे चोवीस तास फुकट मिळतं. आणि मला मात्र शिंपी हवा होता.

म्हणून गेलो. २०२३ चा डिसेंबर संपता संपता, तारखाही त्याच धरून. हा हट्ट हिला वेडेपणा वाटला, पण त्याला कारण आहे. सूर्य वर्षभर उत्तर-दक्षिण सरकत असतो. जुन्या फोटोतली सावली जुळवायची तर घड्याळाबरोबर कॅलेंडरही पाळावं लागतं. मार्चमध्ये जाऊन डिसेंबरची सावली मिळत नाही.

हा उद्योग हंपीत माझ्या आधी फार मोठ्या माणसांनी केलाय, हे मला नंतर कळलं. अलेक्झांडर ग्रीनलॉ नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं १८५६ मध्ये इथं मेण लावलेल्या कागदावर निगेटिव्ह बनवल्या, एकेक सुमारे दीड फुटाची. पुढं १९८३ मध्ये जॉन गोलिंग्ज या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकारानं ग्रीनलॉच्या जागा शोधून काढल्या आणि तिथंच उभं राहून तीच दृश्यं पुन्हा टिपली. दोघांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघताना घड्याळ हरवतं. कुठं झुडपं गेलीत, कुठं एक आख्खा भाग कोसळलाय, कुठं पुरातत्त्व खात्यानं टेकूचा खांब दिलाय. ग्रीनलॉच्या काळी कागद उजेडाला इतका वेळ धरावा लागे की चालतं माणूस त्यावर उमटतच नसे. त्याची हंपी निर्मनुष्य दिसते ती त्यामुळं. माझ्याजवळ अशी सबब नाही. झेनिटचा शटर एका सेकंदाचा पाचशेवा भाग टिपायचा.

जागा शोधायची कशी, तर त्याची एक साधी युक्ती आहे आणि तिचं मला व्यसन लागलंय. जुन्या फोटोत जवळची एक वस्तू आणि लांबची एक वस्तू एकमेकींना कुठं चिकटतात ते बघायचं. हेमकूट टेकडीवरून काढलेल्या माझ्या नवव्या फोटोत, टेकडीवरच्या एका जुन्या देवळाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शिखराची उजवी कड विरूपाक्षाच्या गोपुराला बरोबर त्याच्या डाव्या खांद्यावर शिवते. आपण डावीकडं सरकलो की जवळचं शिखर उजवीकडं पळतं, उजवीकडं सरकलो की डावीकडं. दोन्ही शिवले की आपण एका सरळ रेषेवर आलो. मग दुसरी जोडी घ्यायची. माझ्याकडं एक खडक आणि पलीकडचा दीपस्तंभ होता. ती जोडी जुळेपर्यंत त्या रेषेवरच पुढंमागं व्हायचं. दोन रेषा छेदतात तिथं पंचवीस वर्षांपूर्वी माझे पाय होते.

प्रत्यक्षात हे असं होतं : एका हातात प्लास्टिकच्या पिशवीतला प्रिंट, दुसऱ्या हातात कॅमेरा, एक डोळा मिटलेला, आणि खेकड्यासारखं आडवं चालणं. तिवईला परवानगी लागते, ती मी काढली नव्हती, तेव्हा सगळं हातावर. दोन शाळकरी पोरं माझ्यामागं तसंच चालायला लागली. वीस मिनिटांनी शिखर आणि गोपूर शिवले, पण खडक दीपस्तंभाच्या खाली राहिला. कितीही पुढंमागं केलं तरी खालीच. मग ट्यूब पेटली आणि मी बसलो. उकिडवा. खडक वर चढला आणि जागेवर बसला. त्या क्षणी अंगावर जो काटा आला तो खरा होता, त्यात गुडघ्याच्या कळेचा वाटा किती ते सांगता येत नाही. उठवायला पोरांनीच हात दिला.

रथबीदीत मात्र ही युक्ती फसली. मंडप एकसारखे एक, आणि त्यांना वेगळं ओळखू येण्याजोगं जे होतं, पाटी, छपराचा पत्रा, निळा रंग, ते सगळं गेलेलं. जवळजवळ पाऊण किलोमीटरचा तो रस्ता मी दोनदा खांब मोजत फिरलो. शेवटी बाजूला शहाळी विकणाऱ्या एका बाईंना प्रिंट दाखवला. माझं कानडी गडहिंग्लजच्या आजोळचं, भाजी घेण्यापुरतं. त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला. मंडपाकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. शिलाई मशीनच्या चाकाकडंही नाही. फोटोच्या डाव्या कडेला एक विजेचा खांब अर्धा कापला गेलाय, त्यावर त्यांनी कोयत्याच्या मुठीनंच टकटक केलं आणि म्हणाल्या, "अदु नम्म कंबा."

आमचा खांब. म्हणजे, मला समजलं ते असं, की त्या खांबावरून त्यांच्या ओळीतल्या सगळ्या घरांत वायरी गेल्या होत्या. पाऊस आला की त्यावर ठिणग्या उडायच्या, हे त्यांनी हातांची बोटं फाकवून दाखवलं. खांब कुठं होता ते त्या न अडखळता चालत दाखवायला आल्या, शहाळ्यांचा ढीग तसाच टाकून. तिथं जमिनीत काही नव्हतं. पण त्या जागेपासून मोजल्यावर मंडप सापडला. मी त्यांना म्हटलं, तुम्ही इथंच उभ्या राहा, फोटो काढतो. त्या म्हणाल्या, गिऱ्हाईक आलंय, आणि गेल्या. तेव्हा हाही फोटो रिकामाच.

तळवारघट्टचा फोटो सतरावा. तिथून तुंगभद्रा ओलांडून आनेगुंदीला जायला तेव्हा वेताच्या गोल टोपल्यांसारख्या होड्या होत्या. एका टोपलीत आम्ही तिघं, चार बायका, दोन सायकली आणि एक मोटरसायकल. या फोटोतही मी शहाणपणा केलाय. पलीकडं नव्या पुलाचं अर्धवट काम दिसत होतं, ते फ्रेम नासवतंय म्हणून कॅमेरा डावीकडं फिरवला. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, हंपीचं नाव धोक्यातल्या जागतिक वारशांच्या यादीत गेलं. कारण होतं हेच पुलाचं बांधकाम. यादीतून नाव निघायला २००६ उजाडलं. आणि २००९ च्या जानेवारीत तो पूल पुरा होण्याआधीच नदीत कोसळला, काम करणारी माणसं त्यात गेली. माझ्या फोटोत उजव्या कोपऱ्यात त्याचं बोटभर टोक आलंय. हंपीच्या पंचवीस वर्षांतली सगळ्यात मोठी भानगड माझ्या कॅमेऱ्यासमोर उभी होती आणि मी टोपल्या टिपत होतो.

मातंग टेकडीवरचा सूर्योदय जमला नाही. पहाटे अंधारात चढलो, वर तीसेक माणसं आधीच बसलेली, आणि पूर्वेला ढग. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. उतरताना मी प्रिंट काढून एकदा बघितला, खाली अच्युतरायाच्या देवळावर तिरकं ऊन पडलेलं. तो पुन्हा खिशात घातला.

विठ्ठल मंदिरात शेवटच्या दिवशी गेलो. आता गाड्या लांब थांबतात आणि तिथून बॅटरीच्या गाडीतून नेतात. दगडी रथाभोवती जत्रा होती. २०१७ पासून हा रथ पन्नासच्या नव्या नोटेवर आहे, त्यामुळं निम्मी मंडळी नोट हातात धरून फोटो काढत होती. म्हणजे तीही एका परीनं माझाच उद्योग करत होती, चित्र आणि वस्तू जुळवायचा. ग्रीनलॉच्या फोटोत या रथावर विटांचं शिखर आहे. पुढं ते काढून टाकलं, आणि आज आपण ज्याला मूळ रथ समजतो तो बिनशिखराचा आहे. पुढं जुंपलेले हत्तीही मूळचे नव्हेत. तिथं घोडे होते, त्यांचे मागचे पाय अजून हत्तींच्या पाठीमागं दिसतात.

माझ्या बाराव्या फोटोत रथ आणि पानं झडलेला देवचाफा आहे, बाकी चिटपाखरू नाही. चाफा अजून आहे, त्याच्या फांद्यांवरूनच जागा लागली. गर्दी हटेना. हिनं सवयीनं विचारलं, "सरकू का मी?" म्हटलं, "नको, थांब तिथंच. त्यांनाही थांबू दे." नोटा हातात धरलेली माणसं, लाल टोपीतलं शेंबडं पोर, सुरक्षारक्षकाची पाठ, आणि ही, पाण्याची बाटली काखेत धरून, कंटाळलेली. फोटो काढला.

आता बाविसावा. तो आजीसाठी काढलेला. आजी पंढरीची वारकरी. हंपीला विठोबाचं मोठं देऊळ आहे म्हटल्यावर तिनं देवाचा फोटो आण म्हणून बजावलं होतं. गाभाऱ्यात मूर्ती नाही. कृष्णदेवरायानं पंढरपुरातला विठोबा इकडं आणला आणि एकनाथांच्या पणजोबांनी, भानुदासांनी, तो परत नेला, ही कथा आपल्याकडं सगळ्यांना पाठ. तेव्हा आत जाता यायचं. मी रिकाम्या गाभाऱ्याचा फोटो काढला, फ्लॅश नव्हता, प्रिंट कुळकुळीत काळा आला. स्टुडिओवाल्यानं त्याचे पैसेसुद्धा लावले नाहीत. मी ओशाळून आजीला म्हटलं, काही आलंच नाही. ती म्हणाली, "न्हाईच येनार. त्यो हिकडं आलाय की भानुदासासंगं." तिनं तो काळा कागद हरिपाठाच्या पुस्तकात ठेवला. ती गेल्यावर पुस्तकासकट माझ्याकडं आला.

या खेपेला तो प्रिंट मी सोबत नेला होता. मंडपाच्या पायऱ्यांशी दोर लावलेला, पलीकडं जाऊ देईनात. पहारेकऱ्याला प्रिंट दाखवून बघितला. त्यानं तो उलटासुलटा करून बघितला आणि मला परत दिला, काळजीपूर्वक, जसा एखाद्या आजारी माणसाला देतात. मग दोरावरून हात पुढं करून, खांबांच्या रांगेतून आत जिथं गाभारा असणार तिकडं रोख धरून मी फोटो घेतला. कोल्हापुरात परत आल्यावर एकोणतीस जोड्या लावायला बसलो. हेमकूटाचा नववा थोडा तिरका आलाय, सतराव्यात पाणी कमी आहे, बाराव्यात ही आहे. बाविसाव्याच्या शेजारी बाविसावा ठेवला. काळ्याला काळा, तंतोतंत.