दाराखालची पट्टी

वर्दी दुपारी आली. नियंत्रण कक्षातला मुलगा म्हणाला, बाईचा आवाज होता, अगदी दबका. "गॅसचा वास येतोय, लवकर या." एवढं बोलून तिने इमारतीचा पत्ता दिला. नाव विचारल्याबरोबर फोन बंद.

अग्निशमन दलात वर्षं गेली की फोनवरून माणूस कळायला लागतो. घरातला सिलिंडर गळत असेल तर माणूस ओरडतो, एकच गोष्ट चारदा सांगतो, मी आता काय करू म्हणून विचारतो. ही बाई कुजबुजली होती. तिला गॅसची भीती होतीच, पण आपलं बोलणं कुणाच्या कानावर जाईल याची त्याहून जास्त होती.

वाऱ्याचा अंदाज घेऊन गाडी लांबच थांबवली. अशा ठिकाणी पहिलं काम लोकांचे हात आवरायचं. दिवा लावू नका, लागलेला असेल तर बंदही करू नका, बेल दाबू नका. बटणाच्या आत उडणारी बारीकशी ठिणगी पुरते. वरच्या मजल्यांवरचे लोक म्हणाले, वास? आम्हाला तर काही नाही. ते खोटं बोलत नव्हते. हा गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. पाण्यासारखा खाली उतरतो आणि कोपऱ्यात साचून राहतो. शिवाय मूळ गॅसला वास नसतोच, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो, आणि नाक त्याला लवकर सरावतं.

तळमजल्यावर डिटेक्टर घोट्यापर्यंत खाली धरला आणि तो वाजायला लागला. शेजारी शेजारी दोन दारं, मध्ये सामाईक भिंत. एका दारात एक बाई उभी होती, तिच्या मागे पाचसहा वर्षांचा मुलगा. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर लगेच खाली वळवली. मीही खाली पाहिलं. दाराच्या फटीत बरोबर बसेल अशी जाड कापडाची पट्टी तिथे पडली होती. आत चिंध्या भरून मापाने शिवलेली, धुऊन धुऊन रंग उडालेली.

ती पट्टी त्या दिवशीची नव्हती. फोन कुणी केला ते मला तिथेच कळलं. मी काही बोललो नाही.

शेजारचं दार उघडायला वेळ लागला. माणूस शांत होता. "आमच्याकडे काही नाही साहेब, वास बाहेरूनच येतोय." मी डिटेक्टर उंबऱ्याशी नेला. आकडा चढतच गेला. "आधी सगळे बाहेर या, बोलू नंतर," म्हटलं. त्याच्यामागून त्याची दोन मुलं आली. धाकटी झोपेतून उठवलेली, डोळे चोळत. वीज आम्ही बाहेरून, गॅस पोचला नव्हता त्या जागेवरून तोडली.

मागच्या खोलीच्या खिडक्या पुठ्ठ्याने बंद केल्या होत्या. भिंतीला लागून सिलिंडरची रांग. मधोमध लोखंडी स्टँडवर एक भरलेला सिलिंडर उलटा बसवलेला, खाली एक लहान, गंजलेला, आणि दोघांना जोडणारी आखूड नळी. नळीचा सांधा गळत होता आणि त्यावर पांढरा बर्फ धरला होता. बाजूला साधा वजनकाटा. मोठ्यातला गॅस चोरून लहानात भरायचा धंदा.

मला राग आला. १ लीटर द्रवाचा सुमारे २५० लीटर वायू होतो, आणि हवेत २ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान मिसळला की तो पेट घेऊ शकतो. सिलिंडर कधीच काठोकाठ भरत नाहीत, कारण द्रव तापला की फुगतो, त्याला जागा लागते. इथे ती जागा अंदाजाने सोडली जात होती, आणि पलीकडच्या खोलीत त्याचीच मुलं झोपली होती.

व्हॉल्व्ह बंद केले, दारं-खिडक्या उघडल्या, पाण्याच्या बारीक फवाऱ्याने गॅस पांगवला, सिलिंडर एकेक करून मोकळ्यावर नेले. मग डिटेक्टर घेऊन बाईंच्या घरात गेलो. सामाईक भिंतीतून पाण्याचा पाइप गेला होता, त्याच्याभोवती बोटभर फट. फटीच्या बरोबर खाली फ्रिज. फ्रिज आपोआप चालू-बंद होतो, दिवसातून कितीतरी वेळा, आणि दर वेळी त्याच्या रिलेमध्ये, म्हणजे आतल्या आपोआप चालणाऱ्या बटणात, ठिणगी उडू शकते. फ्रिजखालच्या फरशीपाशी डिटेक्टर पुन्हा वाजला. माझ्याबरोबरचा फायरमन एकदम गप्प झाला.

बाई दारातूनच हळू आवाजात बोलत होत्या. "रात्री लोखंडाचा आवाज आला की मी शेगडी पेटवत नाही. मुलाला पुढच्या खोलीत घेऊन झोपते. आता तर वास घरात कळतच नाही साहेब, बाहेरून आले की कळतो. आज घरात बसूनही कळला, म्हणून..." वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं.

थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, "यांना झटका आला तेव्हा त्यांनीच पाठीवर घेऊन गाडीपर्यंत नेलं होतं. त्यांच्या मुली माझ्या घरात खेळतात." आणि मग, आणखी हळू, "एकदा जिन्यापाशी विचारलं होतं त्यांनी, वहिनी, आमचा काही त्रास नाही ना? मी नाही म्हटलं."

बाहेर जमलेल्यांत एकजण मोठ्याने विचारत होता, शेजाऱ्यांना माहीत असणारच, मग इतके दिवस गप्प कसे राहिले? हा प्रश्न मी याआधीही ऐकलाय आणि मला तो दर वेळी अन्यायाचा वाटतो. विचारणारा संध्याकाळी आपल्या घरी जाऊन दार लावून घेणार असतो. तिला त्याच दारावरून येजा करायची असते, त्याच माणसासमोरून, रोज.

त्या माणसाला पोलीस घेऊन जाताना तो माझ्यापाशी थांबला. "तक्रार कुणी केली साहेब?" त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागच्या दारावर गेली. मी त्याच्या आणि त्या दाराच्या मध्ये सरकलो आणि म्हणालो, "वास रस्त्यापर्यंत येत होता." ते खरं होतं.

निघताना बाईंनी विचारलं, "ते सुटून आले की?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. हद्दीतल्या पोलीस अधिकाऱ्याला बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं, भिंतीतली फट त्याच दिवशी बुजवून घेतली, आणि काहीही वाटलं तरी थेट स्टेशनला फोन करा म्हणून नंबर लिहून दिला. त्यांनी कागद घडी करून मुठीत धरला.

रात्री अहवाल लिहायला बसलो. वर्दी देणाऱ्याचे नाव, असा एक रकाना असतो. सहकारी म्हणाला, "साहेब, तुम्हाला तर माहितीये." मी लिहिलं, नाव सांगितले नाही. तिने सांगितलं नव्हतं, आणि मी तिला विचारलं नव्हतं.